‘तुलना करा’ हा प्रश्न आला कुठून?

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत कलेचा इतिहास घेतला की एक प्रश्न चुकत नाही: दोन कलाकृती शेजारी छापलेल्या आणि खाली ‘तुलना करा’. या प्रश्नाचं मूळ प्रोजेक्टरच्या काचेत आहे.

त्याआधी कलेचा इतिहास म्हणजे बराचसा कलावंतांचा इतिहास होता. चित्रकार वासारीने 1550 मध्ये इटालियन कलावंतांची चरित्रं छापली, तेव्हापासूनची ही सवय. जर्मन अभ्यासक विंकेलमानने 1764 मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिताना व्यक्तीऐवजी शैलीचा माग काढला. 1844 मध्ये बर्लिन विद्यापीठाने कलाभ्यासक वागेनला कलेतिहासाचं प्राध्यापकपद दिलं आणि विषयाला विद्यापीठात पाय ठेवायला जागा मिळाली.

खरा बदल स्लाइडने, म्हणजे प्रोजेक्टरमधून पडद्यावर टाकायच्या काचेवरच्या चित्राने, केला. स्विस कलेतिहासकार हाइनरिश व्यॉल्फ्लिन अंधाऱ्या वर्गात दोन प्रोजेक्टर लावून दोन चित्रं एकाच वेळी पडद्यावर टाकायचा. एकट्या चित्रासमोर विद्यार्थी गोष्ट सांगू लागतो. शेजारी दुसरं आलं की फरक सांगावा लागतो. 1915 च्या पुस्तकात त्याने अशा फरकांच्या पाच जोड्या मांडल्या. इथे रेषेने बांधलेली आकृती, तिथे रंगछटांत विरघळलेली. इथे चौकटीत मिटलेली रचना, तिथे चौकटीबाहेर सांडणारी. युरोपातला पुनरुज्जीवन काळ आणि त्यानंतरची बरोक शैली यांच्यासाठी घडवलेली ही हत्यारं मुखवट्यावर किंवा मंदिराच्या शिखरावर चालवली की बोथट होतात, हे मात्र शिकवताना सहसा राहून जातं.

शाळेत हा विषय उशिरा आला. इटलीत 1923 च्या जेंतिले शिक्षणसुधारणेने तो ‘लिचेओ क्लासिको’ या माध्यमिक शाळेत आणला. अमेरिकेत एपी आर्ट हिस्टरीची (शाळेतच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) पहिली परीक्षा 1972 ची. तिथला अभ्यासक्रम फुगत गेला, म्हणून 2015-16 पासून 250 ठरावीक कलाकृतींची यादी आली: प्रत्येकीचं नाव, कलावंत किंवा संस्कृती, काळ आणि माध्यम पाठ हवं. इंग्लंडमध्ये उलटं झालं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये एक्यूए या परीक्षा मंडळाने ए-लेव्हलचा (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची परीक्षा) हा विषय बंद करण्याचं जाहीर केलं. ओरड झाली, डिसेंबरपर्यंत पिअर्सन या दुसऱ्या मंडळाने तो उचलला आणि 2017 मध्ये नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात न पाहिलेलं चित्र, शिल्प आणि इमारत वाचायची असते. पाठांतर इथे कामाला येत नाही.

तुलनेच्या उत्तरात गुण जातात ते एकाच ठिकाणी. पहिला परिच्छेद ‘अ’वर, दुसरा ‘ब’वर, शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही वेगळी आहेत’. ही दोन वर्णनं झाली, तुलना झालीच नाही. मुद्दा धरावा (प्रकाश कुठून येतो, नजर कुठे थांबते) आणि त्या एका मुद्द्यावर दोन्ही चित्रं एकाच परिच्छेदात तपासावीत. दुसरी चूक वासारीच्या वारशाची: चित्रकाराचं कर्ज आणि प्रेमभंग सांगण्यात अर्धं पान जातं.

स्लाइडने एक खोडही मागे ठेवली: पडद्यावर सगळं एकाच मापाचं दिसतं. मोनालिसा 77 × 53 सेंटिमीटर, तर फ्रेंच चित्रकार जेरिकोचं ‘मेड्यूसाचा तराफा’ 491 × 716. दोन्हीच्या चौकटी वर्गाच्या भिंतीवर खडूने आखायला घ्याव्यात. पहिली फळ्याच्या कोपऱ्यात मावते. दुसरीची उंची पुरी व्हायच्या आत बहुतेक वर्गांत छत लागतं.