ऑलिंपियाचा मुकुट लॉरेलचा नव्हता

ऑलिम्पिक जवळ आलं की पानांच्या दोन डहाळ्यांचं वर्तुळ जिकडेतिकडे दिसू लागतं आणि त्यासोबत हमखास एक वाक्य वाचायला मिळतं : प्राचीन ऑलिम्पिकमध्ये विजेत्याला लॉरेलचा मुकुट देत. मुकुट देत, हे खरं. पण ऑलिंपियात, म्हणजे हे खेळ जिथे होत त्या ठिकाणी, तो रानटी ऑलिव्हचा असे. लॉरेलचा मुकुट मिळायचा डेल्फी इथल्या वेगळ्या खेळांत. चूक किरकोळ वाटते, पण मला ती फार खटकते. कारण डोक्यावर कोणतं पान आहे, यावरूनच ग्रीक लोकांना कळायचं की गडी कुठे जिंकून आला आणि कोणत्या देवासमोर जिंकला.

आधी पानंच पाहू. ऑलिव्हचं पान अरुंद, वरून राखाडी हिरवं आणि उलटं केलं की चंदेरी. डहाळीवर ती जोडीजोडीनं, समोरासमोर येतात. लॉरेलचं पान रुंद, चिवट, गडद हिरवं, कडा किंचित नागमोडी. चुरगळलं की घमघमतं. ही पानं एकाआड एक येतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र हे लॉरेलचं भावंड, कूळ एकच. पण झाडं वेगळी. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात, लॉरेलच्या पानावर मधोमध एकच. आणि ऑलिव्हचं कूळ कोणतं, तर आपल्या जाई-जुई-मोगऱ्याचं! म्हणजे नात्यानंही ही दोन पानं एकमेकांपासून लांबच.

ऑलिंपियात ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्या देवळामागे एक रानटी ऑलिव्हचं झाड होतं. त्याचं नावच ‘सुंदर मुकुटांचा ऑलिव्ह’ अशा अर्थाचं. हे झाड पुराणकथांतला वीर हेराक्लीस यानं दूर उत्तरेकडून आणून लावलं, अशी कथा पिंडार या कवीनं गायली आहे. मुकुटासाठी डहाळ्या तोडायचा मान एका मुलाला असे, आणि त्याचे आई-वडील दोघंही हयात असावे लागत. सोन्याच्या विळ्यानं तो डहाळ्या कापायचा. सवाष्णीच्या हातून शुभकार्य करून घेणाऱ्या आपल्या माणसांना यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. विणलेले मुकुट सोनं आणि हस्तिदंतानं मढवलेल्या मेजावर मांडून ठेवत. ग्रीक भाषेत या मुकुटाला ‘कोटिनोस’ म्हणत.

स्पर्धेतलं बक्षीस एवढंच. पैसे द्यायचं ते विजेत्याचं गाव देई : कायदे करणाऱ्या सोलोननं अथेन्समध्ये ऑलिंपियाच्या विजेत्यासाठी ५०० द्राख्मा (चांदीची नाणी) ठरवले होते, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तरी पानांचं मोल बाहेरच्यांना चकित करून जाई. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या लढाईनंतर ग्रीसवर चालून आलेल्या पर्शियनांनी काही ग्रीकांना विचारलं, तुमचे लोक सध्या करतायत काय? उत्तर आलं, ऑलिम्पिकच्या स्पर्धा पाहतायत. बक्षीस काय? ऑलिव्हचा मुकुट. ते ऐकून एक पर्शियन सरदार सेनापती मार्डोनियसला उद्देशून कळवळून म्हणाला, की पैशासाठी नव्हे तर कर्तृत्वासाठी झुंजणाऱ्या कसल्या माणसांशी तू आम्हाला लढायला आणलंस! हा प्रसंग ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं नोंदवला आहे. तिथे ऑलिव्हच्या जागी लॉरेल घातला, की हिरोडोटसची गोष्टच आपण बदलतो.

डेल्फी हे अपोलो देवाचं ठिकाण. डॅफ्नी ही वनदेवता त्याच्यापासून पळता पळता लॉरेलचं झाड झाली, म्हणून ते झाड त्याला प्रिय. ग्रीकमध्ये लॉरेलला ‘डाफ्नी’च म्हणतात. मुकुटाच्या डहाळ्या उत्तरेकडच्या टेंपी खोऱ्यातून आणत. इथल्या पिथियन खेळांचं मूळ गाण्या-वाजवण्याच्या स्पर्धेत, आणि हाच मला सगळ्यात सुंदर भाग वाटतो : धावपटूच्या आणि वादकाच्या डोक्यावर एकच पान. इ.स.पू. ५८६ मध्ये इथे किमती बक्षिसं दिली होती, पुढच्या खेळांपासून फक्त मुकुट. (ग्रीसमधल्या अशाच आणखी दोन खेळांत, नेमियाला रानटी सेलरीचा आणि इस्थमियाला कधी पाइनचा, कधी सेलरीचा मुकुट असे.)

मग घोटाळा झाला कुठे? रोमनांमुळे. विजयी सेनापतीच्या डोक्यावर त्यांनी लॉरेल चढवला, पुढे सम्राटांनी तो नाण्यांवर मिरवला. युरोपनं विजयाचं चिन्ह म्हणून तेच चित्र उचललं. ‘नोबेल लॉरिएट’मधला लॉरिएटही तिथूनच आला.

ग्रीक मात्र हा फरक विसरले नाहीत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पदकविजेत्यांच्या डोक्यावर ऑलिव्हचेच मुकुट होते. आणि १८९६ मध्ये, तिथेच झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये, दोन्ही पानं शेजारी-शेजारी होती : पहिल्या आलेल्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी, दुसऱ्याला ब्राँझपदक आणि लॉरेलची.