खुराक, भोजन आणि डबा: बडोद्याच्या प्राथमिक शाळांतील आरोग्यविचाराची पार्श्वभूमी

जूनमध्ये शाळा उघडल्या की बडोद्यातील अनेक खाजगी शाळांमधून डब्याचे पत्रक घरी येते. सोमवारी फळ, मंगळवारी मोड आलेले कडधान्य, बुधवारी पोळी-भाजी, आणि तळाशी ठळक अक्षरांत वेफर्स, बिस्किटे व नूडल्स पाठवू नयेत अशी सूचना असते. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत त्यावरून थोडी कुरकुर होते, कारण तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी नेमकी कोणत्या रकान्यात बसते हे पत्रकावरून कळत नाही. मात्र मुलाच्या शरीराची काळजी शाळेने वाहावी ही कल्पना या शहराला अजिबात नवी नाही, आणि तिची सुरुवात ताटापासून झालेली नाही.

सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न मांडला, तेव्हा बडोद्याचेच उदाहरण त्यांच्या हाताशी होते. त्या काळच्या बडोद्यात शरीर घडवण्याची खरी शाळा मात्र तालीम हीच होती. जुम्मादादांच्या आखाड्यातून व्यायाम मंदिर उभे राहिले, आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी लाठी, लेझीम, मल्लखांब यांना सांघिक कवायतीची शिस्त लावून, इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी शब्द योजून, हा व्यायाम शाळकरी मुलांच्या आवाक्यात आणला. १९३६ पासून दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच शहरातून निघाला, यावरून त्या विषयाची इथली प्रतिष्ठा ध्यानात येते. तालमीच्या बोलीत खाण्याला ‘खुराक’ म्हणत. आधी जोर-बैठका आणि मग दूध-बदाम, असा तो क्रम होता. न खपता खाल्लेल्या अन्नाला तिथे फारसा मान नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हा विषय आखाड्यातून प्रयोगशाळेत गेला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले, हंसा मेहता कुलगुरू झाल्या, आणि गृहविज्ञान शाखेत अन्न व पोषण हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय बनला. मुलाची दंडाची बेटकुळी पाहण्याऐवजी त्याचे वजन, उंची आणि रक्तातील हिमोग्लोबिन मोजले जाऊ लागले, आणि मोजल्यावर जे दिसले ते म्हणजे भूक आणि पांडुरोग.

भुकेवरचे उत्तर सरकारने दिले. तमिळनाडूत १९८२ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झालेल्या शालेय भोजनाचा कित्ता गिरवत गुजरातने १९८४ मध्ये मध्याह्न भोजन योजना आणली. केंद्राची योजना त्यानंतर बऱ्याच काळाने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि तीही बहुतेक राज्यांत कोरडे धान्य वाटण्यापुरतीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस देण्यास बजावले, तेव्हा देशभरात चुली पेटल्या. पुढे प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढले. ताटाच्या भाषेत सांगायचे तर १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. दरम्यान, नुसत्या उष्मांकांनी भागत नाही हे ओळखून नव्वदच्या दशकात गुजरातने या भोजनाला जंतनाशक गोळी, लोह आणि अ जीवनसत्त्व यांची जोड दिली. या कामात बडोद्याच्या पोषण विभागातील तारा गोपालदास यांचा मोठा वाटा होता. पोटातले जंतच अन्न खात असतील तर खिचडी वाढवून उपयोग काय, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

गुजरातचीच आणखी एक देणगी म्हणजे तिथी भोजन. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा लग्नाच्या निमित्ताने गावातले कुटुंब शाळेला जेवण घालते. ही प्रथा आता राष्ट्रीय योजनेतही सामील झाली आहे. अशा दिवशी मुलांच्या ताटात हमखास गोड पडते, आणि त्याबद्दल तक्रार करावी असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

नियमांचा रोख मात्र एव्हाना उलटा फिरला होता. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रव्यापी पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के खुरटलेली आढळली, तर सुमारे ४ टक्के मुलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. त्याच वयोगटातील सुमारे १० टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्याशी पोहोचलेली होती. २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरपर्यंत मना केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. जुन्या बडोद्यात या ५० मीटरांचे काय करायचे हा प्रश्नच आहे, कारण पोळांमध्ये, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, शाळेची भिंत संपते तिथेच फरसाणाच्या दुकानाची फळी सुरू होते, आणि मधल्या सुट्टीत बर्फगोळ्याची गाडी फाटकाच्या गजांना टेकूनच उभी असते.

या सगळ्या प्रवासात मोजण्याची साधने वाढली आणि मैदान आकसले. न्यायालयाने, मंत्रालयाने आणि प्राधिकरणाने ताटातला प्रत्येक ग्रॅम लिहून ठेवला. जोर-बैठकांचे असे कोष्टक कुणी न्यायालयात नेले नाही. महापालिकेच्या शाळेतले मूल भोजनावर वाढते आणि खाजगी शाळेतले डब्यावर, दोघांसाठी नियमही निरनिराळे आहेत. पी. टी. चा तास तेवढा दोघांच्याही वेळापत्रकात आठवड्यातून एकदा-दोनदा लिहिलेला असतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या बाई मागून घेतात.