डिजिटल क्राऊन-रचनेतील चाव्याची जुळणी

दाताची कॅप (क्राऊन) संगणकावर रचताना वरच्या आणि खालच्या दातांच्या त्रिमितीय प्रतिमा तोंडात जशा मिटतात तशाच एकमेकींवर बसवणे, म्हणजे चाव्याची जुळणी. झुरिकमध्ये दंतवैद्य म्योरमान आणि अभियंता ब्रान्देस्तिनी यांनी घडवलेल्या, दात स्कॅन करून त्याची भरणी कोरणाऱ्या सेरेक यंत्राने १९८५ मध्ये पहिला रुग्ण उपचारला गेला, तेव्हा चघळण्याचा पृष्ठभाग दंतवैद्य हातानेच घडवत. आता तो सॉफ्टवेअर रचते. त्यामुळे जुळणी चुकली की सुबक कॅपही तोंडात उंच लागते.

स्कॅनर आधी दोन्ही जबडे स्वतंत्रपणे टिपतो. मग रुग्ण दात मिटतो आणि गालाच्या बाजूने दोन्ही रांगांचा एकत्र स्कॅन घेतला जातो. या छोट्या पट्ट्यातले पृष्ठभाग ओळखून सॉफ्टवेअर दोन्ही जबडे जागेवर आणते. संपूर्ण जबड्याचा स्कॅन असेल, तर पट्टा दोन्ही बाजूंचा घ्यावा. एकाच बाजूवर विसंबल्यास दुसऱ्या टोकाला फरक वाढत जातो. पट्ट्यात लाळ, गाल किंवा जीभ आली तरी जुळणी बिघडते.

खरी अडचण दातांच्या हालचालीची आहे. दात हाडात घट्ट रुतलेले नसतात. भोवतालच्या अस्थिबंधामुळे (दाताला हाडाशी जोडणाऱ्या तंतूंच्या थरामुळे) जोरात चावल्यावर किंचित दबतात. जबडे मात्र भार नसताना टिपलेले असतात. म्हणून पडद्यावर समोरासमोरचे दात एकमेकांत घुसलेले दिसतात. हे तसेच राहू दिले, तर कॅप बुटकी होऊन समोरच्या दाताला टेकत नाही. सॉफ्टवेअरला जबडे आपोआप दूर सारू दिले आणि ती घुसखोरी स्कॅनमधल्या एखाद्या फुगवट्याने भासलेली असली, तर सगळा चावा उघडतो आणि कॅप उंच होते. म्हणून जबडे दूर सारण्याचे बटण डोळे झाकून दाबू नये. रांगेतली शेवटची दाढ कॅपसाठी घासायची असेल, तर चावा घासण्यापूर्वीच टिपावा; नंतर त्या बाजूचा आधार जातो. बधिरता आणल्यावर आणि बराच वेळ तोंड उघडे ठेवल्यावर रुग्ण नेहमीसारखे दात मिटेलच असे नाही.

रचना सुरू करण्याआधी पडद्यावरचे स्पर्शबिंदू तोंडातल्या आर्टिक्युलेटिंग पेपरच्या (दात टेकतात तिथे रंग उमटवणाऱ्या कागदाच्या) खुणांशी ताडून पाहावेत. सुमारे ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची धातूची पट्टी शेजारच्या दातांत अडकते का, हेही तपासावे. पट्टी तोंडात अडकते आणि पडद्यावर तिथे फट दिसते, तेव्हा चाव्याचा स्कॅन पुन्हा घेणेच बरे. नैसर्गिक दातांना सुमारे २० मायक्रॉनचा अडथळाही जाणवू शकतो. ही जाणीव मुख्यतः अस्थिबंधातून येत असल्याने रूट कॅनॉल झालेल्या दातालाही ती असते. झिरकोनिया या कठीण सिरॅमिकची उंच कॅप नंतर घासता येते, पण खडबडीत राहिल्यास समोरचा दात झिजवते, म्हणून घासल्यावर पॉलिश आवश्यकच.