अतिजड मूलद्रव्यांचे गणित : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या महाविद्यालयांत बी.एस्सी.ला द्रवबिंदू प्रारूप, म्हणजे केंद्रकाला द्रवाच्या थेंबासारखे मानणारे गणित, शिकवले जाते. अतिजड, म्हणजे साधारण 104 व्यापासून पुढच्या, मूलद्रव्यांचा सिद्धांतही त्याच पायावर उभा राहिला. 1939 मध्ये बोर आणि व्हीलर यांनी या प्रारूपावरून विखंडनाचे स्पष्टीकरण दिले. त्या हिशेबाने प्रोटॉनांची संख्या शंभराच्या थोडी पुढे गेली, की विद्युत प्रतिकर्षणापुढे पृष्ठताणाचे काही चालत नाही आणि केंद्रक तत्काळ फुटायला हवे. 1960 च्या दशकात स्ट्रुटिन्स्की यांनी द्रवबिंदूच्या ऊर्जेला केंद्रकातल्या कवचांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या ऊर्जेच्या थरांची) दुरुस्ती जोडण्याची रीत दिली. त्याच दशकात 114 प्रोटॉन आणि 184 न्यूट्रॉन यांच्या आसपास ‘स्थैर्याचे बेट’, म्हणजे तुलनेने जास्त टिकणाऱ्या केंद्रकांचा पट्टा, असावे, हा अंदाज पुढे आला.

मात्र केंद्रक टिकेल का, यापेक्षा ते मुळात घडेल का, हे सांगणे फार अवघड आहे. आजचे गणित तीन राशींचा गुणाकार करते : दोन केंद्रके एकमेकांना भिडण्याचा क्रॉस-सेक्शन (शक्यतेचे क्षेत्रफळात मोजलेले माप), भिडल्यावर त्यांचे एकच संयुक्त केंद्रक होण्याची शक्यता, आणि तापलेले ते केंद्रक न फुटता न्यूट्रॉन सोडून निवण्याची शक्यता. खरी मेख मधल्या राशीत आहे. जड जोडी नुसती भिडून भागत नाही, तिला विद्युत प्रतिकर्षणाच्या अडथळ्याच्या वर जादा ऊर्जा लागते, हे श्वियाटेत्स्की यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी मांडले; बहुतेक जोड्या काही न्यूक्लिऑनांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची) देवघेव करून पुन्हा वेगळ्या होतात, त्याला क्वासी-फिशन म्हणतात.

या टप्प्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे क्रिप्टॉन-86 आणि शिसे-208 या जोडीने दाखवून दिले. तिच्यापासून 118 वे मूलद्रव्य 670 पिकोबार्न (क्रॉस-सेक्शनचे अतिसूक्ष्म एकक) इतक्या क्रॉस-सेक्शनने मिळेल, असे भाकीत 1990 च्या दशकाच्या अखेरीस झाले. 1999 मध्ये अमेरिकेतील बर्कले प्रयोगशाळेने शोध जाहीरही केला. पण इतर प्रयोगशाळांना काही सापडले नाही आणि दावा मागे घ्यावा लागला. पुढे रशियातील दुबना प्रयोगशाळेने हे मूलद्रव्य कॅलिफोर्नियम-249 वर कॅल्शियम-48 चा मारा करून मिळवले, तेही जेमतेम अर्ध्या पिकोबार्नच्या आसपास.

त्यानंतर मधल्या टप्प्यासाठी द्विकेंद्रक प्रारूप, विसरणाने संमीलन आणि झाग्रेबाएव्ह-ग्रायनर यांची लाँजव्हँ समीकरणे असे वेगवेगळे मार्ग रुळले. त्यांची अंतिम उत्तरे बरीच जुळतात, कारण ती ज्ञात प्रयोगांशी बेतलेली असतात. मधली राशी मात्र एकाची दुसऱ्यापेक्षा कित्येक पटींनी वेगळी निघते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा अनुत्तरित प्रश्न हाच.

या कामात भारताचा वाटा जुना आहे. 1970 च्या दशकात चंदीगडचे राजकुमार गुप्ता यांनी सँडुलेस्कू आणि ग्रायनर यांच्यासह, कोणती जोडी स्थितिज ऊर्जेच्या दरीत बसते, म्हणजे संमीलनाला सोयीची ठरते, हे काढण्याची पद्धत विकसित केली. कर्नाटकात कोलारच्या सरकारी महाविद्यालयातूनही या विषयावर शोधनिबंध निघाले आहेत. प्रवेगकाशिवाय, संगणकावर करता येण्याजोगे हे काम आहे, आणि सीमाभागातल्या आपल्या मुलांनी ते हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

कॅल्शियम-48 चा मार्ग 118 पाशी अडतो, कारण पुढच्या मूलद्रव्यासाठी लागणारे आइन्स्टाइनियम पुरेसे मिळत नाही. म्हणून 2024 मध्ये बर्कलेने टायटॅनियम-50 वापरून 116 व्या मूलद्रव्याचे दोन अणू मिळवून दाखवले, तर जपानमधील रिकेन संस्था व्हॅनेडियम-51 वापरून 119 व्या मूलद्रव्याच्या शोधात आहे.