नावाआधीचं ‘श्रीमती’

लग्नपत्रिकेचं प्रूफ घरी आलं की आधी नावांपुढची अक्षरं तपासली जातात. नवरी चि. सौ. कां., नवरा नुसता चि., काकू सौ. नवरा गेलेल्या आत्यापुढं श्रीमती लावायचं की गं. भा., इथं मात्र बोलणं अडतं. एका सवाष्णीपुढं चुकून श्रीमती पडलं म्हणून सांगलीत पत्रिकांचा अख्खा गठ्ठा परत छापखान्यात गेलेला मी पाहिला आहे.

श्रीमती म्हणजे जिच्यापाशी श्री आहे ती. त्यात नवऱ्याचा उल्लेखही नाही. हिंदीत आणि कन्नडमध्ये हा शब्द विवाहितेला लावतात. म्हणजे जत ओलांडून विजापूरकडं गेलं की तीच श्रीमती सवाष्ण होते! बंगालीत तर एके काळी लहान मुलींपुढंही लिहीत. मराठीत लग्न झालेलीला सौ. होतं, न झालेलीला कु. होतं, आणि श्रीमतीच्या वाट्याला विधवा तेवढी उरली. पुढं सरकारी कचेऱ्यांनी सगळ्याच महिला कर्मचाऱ्यांना श्रीमती लावलं, ते योग्यच झालं. घराला मात्र ते अजून पचलेलं नाही. शाळेच्या कागदावर श्रीमती असलेल्या बाई हळदीकुंकवाच्या निमंत्रणात सौ. होतात. पुरुषाचं श्री. लग्नाआधी, लग्नानंतर आणि बायको गेल्यावरही तेच राहतं.

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. गुजरातीत असंच गं. स्व., गंगास्वरूप. सरकारी कामकाजात ‘विधवा’ऐवजी गं. भा. वापरावं, असा प्रस्ताव एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी मांडला. टीकेची झोड उठल्यावर, निर्णय झालेला नाही, चर्चेसाठी मांडलं होतं, असा खुलासा आला. त्याआधी वर्षभर, मे २०२२ मध्ये, आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला होता आणि सरकारनंच तो इतर गावांपुढं ठेवला होता. बाईच्या अंगावरची खूण थांबवायची आणि कागदावर नवी चढवायची, हे मला पटलेलं नाही.

बाहेरही हा घोळ आहेच. मिस आणि मिसेस दोन्ही एकाच ‘मिस्ट्रेस’मधून निघाले. लग्नाचा पत्ता न सांगणारं ‘मिझ’ १९०१ मध्ये सुचवलं गेलं, रुळलं १९७० नंतर. लग्न न झालेलीला लावायचं ‘फ्रॉयलाइन’ जर्मन कचेऱ्यांनी १९७२ मध्ये सोडलं, तसंच ‘मादमोआझेल’ फ्रेंच सरकारी अर्जांतून २०१२ मध्ये गेलं.

आमच्या बोलीत ही अडचण नव्हतीच. अक्का हा कन्नडमधला शब्द, मोठी बहीण. मंडईत “अक्का, भेंडी कशी दिली?” असं विचारताना कुणी समोरचीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का, हे बघत नाही. बाई हाही तसाच मानाचा शब्द. साताऱ्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई झाली, शिकवणारी ती बाई झाली. मुंबईत त्याच शब्दाचा अर्थ घरकामाला येणारी असा झाला आणि आता आमच्या शाळांतही मॅडम आल्या.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे. तिथं आईच्या नावाला सौ. नाही, श्रीमती नाही. त्याच निर्णयात विवाहितेच्या नावापुढं नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनी पद्धत कायम ठेवली आहे.