झटपट मशीन कोड आणि वरचे ३२ बिट

रस्ट भाषेतला मोठा प्रकल्प हाताशी असेल तर एक ओळ बदलून पुन्हा बिल्ड करताना बराच वेळ ताटकळत बसावे लागते. त्या वेळातला मोठा वाटा एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलरमधला मशीन कोड तयार करणारा भाग, खाते. ख्रिस लॅटनर यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या या प्रकल्पावर आज सी (क्लँग हा कंपायलर), रस्ट, स्विफ्ट अशा अनेक भाषांचे कंपायलर उभे आहेत. तयार होणारा प्रोग्रॅम वेगाने चालावा यासाठी एलएलव्हीएम जिवाचे रान करते. तो तयार किती वेळात होतो, ही तिच्या लेखी दुय्यम गोष्ट. चाचणीसाठी एकदाच चालवून टाकून द्यायच्या बिल्डला, किंवा ब्राउझरमध्ये पान उघडताच धावायला हव्या असलेल्या वेबअसेम्ब्लीला (ब्राउझर चालवू शकतो अशा बाइटकोडला) हा हिशेब परवडत नाही. तिथे वेगळ्या वृत्तीचा कोड जनरेटर लागतो.

अशा जनरेटरांपैकी क्रेनलिफ्ट हा अभ्यासाला सगळ्यांत सोयीचा, कारण त्याचा कोड खुला आहे आणि त्याच्या चुकाही उघड नोंदलेल्या आहेत. जेकब स्टॉकलुंड ओलेसन यांनी २०१६ च्या सुमारास मोझिलात त्याची सुरुवात केली, तेव्हा त्याचे नाव क्रेटन होते. आज तो बाइटकोड अलायन्सकडे आहे. वॉझमटाइम हा वेबअसेम्ब्ली चालवणारा प्रोग्रॅम त्याच्यावर उभा आहे आणि रस्टच्या नाइटली (रोज निघणाऱ्या प्रायोगिक) आवृत्तीत तो पर्यायी बॅकएंड, म्हणजे कोड जनरेटर, म्हणून वापरता येतो. एका प्रसिद्ध तुलनेत एलएलव्हीएमवर आधारलेल्या इंजिनापेक्षा त्याने कोड सुमारे दहापट लवकर तयार केला आणि तो कोड सुमारे १४ टक्के हळू धावला. डीबग बिल्डसाठी हा सौदा फायद्याचाच म्हणायचा.

वेळ नेमका कुठे जातो? पुष्कळांना वाटते की अवघड गणिती ऑप्टिमायझेशनमध्ये. प्रत्यक्षात बराचसा वेळ तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि नव्या रूपात मांडण्यात जातो. एलएलव्हीएममध्ये मध्यवर्ती रूपापासून आज्ञांचा आलेख, त्यातून मशीन-आज्ञांची यादी आणि शेवटी बाइट्स अशी स्थित्यंतरे होतात. दर वेळी हजारो लहान वस्तू मेमरीत घडतात, पॉइंटरांनी जोडल्या जातात आणि त्या शोधताना प्रोसेसरची कॅश (जवळची वेगवान मेमरी) अपुरी पडते. क्रेनलिफ्टमध्ये रूपे दोनच, एक प्रोसेसर-निरपेक्ष आणि दुसरे प्रत्यक्ष आज्ञांचे. पॉइंटरऐवजी ३२ बिटांचे क्रमांक वापरले की सगळे सलग रांगेत बसते. फंक्शन संपले की रांगा रिकाम्या करायच्या, पण त्यांची मेमरी परत न करता पुढच्या फंक्शनला वापरायची. एवढ्याने मोठा फरक पडतो आणि त्यात हुशारी फारशी लागत नाही.

दुसरे पथ्य म्हणजे वर्गीय वेळ खाणारी (काम दुप्पट झाले की वेळ चौपट) एकही पायरी ठेवायची नाही. माणसाने लिहिलेली फंक्शने सहसा आटोपशीर असतात. दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेली हजारो ब्लॉकांची (सलग आज्ञांच्या तुकड्यांची) असू शकतात. ‘प्रत्येक व्हेरिएबलसाठी प्रत्येक ब्लॉक तपास’ असा एखादा निरागस लूप नेहमीच्या चाचण्यांत दिसतही नाही आणि अशा फंक्शनवर मिनिटेच्या मिनिटे अडकून पडतो.

आज्ञांची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे जात करणे सोयीचे. उलटे गेले की एखादी किंमत कोणी वापरते का, हे आधीच कळलेले असते. कोणीच वापरत नसेल तर तिच्यासाठी आज्ञा लिहायचीच नाही. मृत कोड काढायला वेगळी फेरी नको. मेमरीतून वाचणे आणि बेरीज या दोन्ही क्रिया एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) एकाच आज्ञेत बसतात, तीही संधी इथेच साधता येते. पण वाचलेली किंमत एकाच जागी वापरलेली असली पाहिजे आणि मधे मेमरीत काही लिहिलेले नसले पाहिजे. पहिली अट विसरली तर एका वाचनाची दोन वाचने होतात, आणि मेमरी दुसऱ्या थ्रेडबरोबर सामायिक असेल तर त्या दोन वाचनांत वेगवेगळ्या किमती येऊ शकतात.

मग रजिस्टर वाटप, म्हणजे कोणती किंमत प्रोसेसरमधल्या कोणत्या झटपट जागेत (रजिस्टरात) ठेवायची हे ठरवणे. ६४-बिट एक्स८६ मध्ये सामान्य कामाची रजिस्टरे १६. त्यातले एक स्टॅक पॉइंटरसाठी जाते, म्हणजे उरली १५. ओटा लहान आणि डबे जास्त असले की लगेच न लागणारा डबा फडताळात जातो, तशी जास्तीची किंमत मेमरीतल्या स्टॅकवर ठेवावी लागते. याला स्पिल म्हणतात. आयबीएममध्ये ग्रेगरी चैटिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेख रंगवण्याची पद्धत वापरून हा प्रश्न सोडवला. उत्तर चांगले मिळते, पण आलेख बांधण्यातच वेळ जातो. १९९९ मध्ये मॅसिमिलियानो पोलेट्टो आणि विवेक सरकार यांनी मांडलेली रेषीय पद्धत घाईच्या जनरेटरांना मानवते. प्रत्येक किंमत कुठून कुठपर्यंत जिवंत आहे याचे पट्टे करायचे, ते सुरुवातीच्या क्रमाने लावायचे आणि एकदाच डावीकडून उजवीकडे जायचे. रजिस्टर संपले तर ज्याचा शेवट सर्वांत दूर आहे तो पट्टा स्टॅकवर पाठवायचा.

शेवटी बाइट्स. एक्स८६ ची आज्ञा १ पासून १५ बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. जवळची उडी २ बाइटांत मावते, लांबच्या साध्या उडीला ५ आणि सशर्त उडीला ६ लागतात. पुढे उडी मारायची तर अंतर अजून ठाऊक नसते. एका फेरीत काम उरकायचे असेल तर ४ बाइटांची रिकामी जागा सोडायची, तिचा पत्ता टिपून ठेवायचा आणि ठिकाण कळल्यावर ती भरायची. ६४-बिट आर्मवर प्रत्येक आज्ञा ४ बाइटांचीच असते, पण सशर्त उडीचा पल्ला दोन्ही बाजूंना १ एमबी आणि एकच बिट तपासून उडी मारणाऱ्या आज्ञेचा अवघा ३२ केबी. मोठ्या फंक्शनमध्ये मधेच लांब उड्यांची बेटे पेरावी लागतात. लहान चाचण्यांत हा भाग कधी चालतच नाही, म्हणून पल्ला मुद्दाम कमी धरून त्याची चाचणी घ्यावी.

याहून घाईची एक वाट आहे. स्टॅनफर्डच्या हाओरान शू आणि फ्रेड्रिक क्योलस्टाड यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या ‘कॉपी अँड पॅच’ पद्धतीत प्रत्येक क्रियेचा मशीन कोड आधीच क्लँगकडून करवून घेतात, त्यात पत्त्यांच्या आणि स्थिरांकांच्या जागा मोकळ्या ठेवतात, आणि चालत्या प्रोग्रॅममध्ये ते तुकडे नुसते नक्कल करून रिकाम्या जागा भरतात. पायथन ३.१३ मधला प्रायोगिक जेआयटी (प्रोग्रॅम चालतानाच मशीन कोड बनवणारा कंपायलर) याच धर्तीचा आहे. एलएलव्हीएम लागते ते पायथन बिल्ड करतानाच, वापरणाऱ्याच्या संगणकावर नाही.

कोड तयार झाला तरी चालवण्यात खाचखळगे आहेतच. लिनक्सवर फंक्शनला हाक मारण्याच्या क्षणी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत हवा. तो ८ ने चुकला तरी बहुतेक फंक्शने बिनबोभाट चालतात आणि मग भलत्याच लायब्ररीत १६ बाइट एकदम हलवणारी एखादी आज्ञा कोसळते. शोध मात्र त्या लायब्ररीचा सुरू होतो. आर्मवर नव्याने लिहिलेले बाइट्स डेटा कॅशमध्ये असतात आणि आज्ञांच्या कॅशला त्याचा पत्ता नसतो. ती साफ करायला विसरलात तर प्रोसेसर जुने बाइट्स चालवू शकतो, तेही कधी तरीच. एक्स८६ वर हे हार्डवेअर सांभाळते, म्हणून लॅपटॉपवर शंभर टक्के पास झालेला कोड आर्म सर्व्हरवर अधूनमधून कोलमडतो. भागाकाराचेही असेच. सर्वांत लहान ऋण संख्येला उणे एकने भागले की एक्स८६ अपवाद फेकतो, आर्म निमूट तीच संख्या परत देतो; शून्याने भागल्यावर आर्म शून्य देतो. वेबअसेम्ब्लीला दोन्ही ठिकाणी प्रोग्रॅम थांबायला हवा असतो, म्हणजे आर्मवर तपासण्या जनरेटरनेच घालायच्या.

दोन चुका, जवळून

वेबअसेम्ब्लीतला पत्ता साधारणतः ३२ बिटांचा असतो. वॉझमटाइम प्रत्येक मेमरीसाठी ४ जीबी पत्ते राखून ठेवते आणि त्यापुढे एक संरक्षक पट्टा; त्याला हात लागला की प्रोग्रॅम थांबतो. ३२ बिटांचा पत्ता ४ जीबीच्या पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून दर वाचनाला मर्यादा तपासायची गरज नाही. सगळी भिस्त एका गोष्टीवर: ३२ चे ६४ बिट करताना वरचे ३२ बिट शून्यच हवेत.

एक्स८६-६४ मध्ये ३२-बिट बेरजेची आज्ञा वरचे ३२ बिट आपोआप शून्य करते. म्हणून क्रेनलिफ्टमध्ये नियम होता की बेरजेनंतर विस्ताराची वेगळी आज्ञा लिहू नये. नियम बरोबरच. पण बेरीज आणि वापर यांच्यामध्ये रजिस्टरे संपली तर ती किंमत स्टॅकवर जाई, आणि तिथून परत आणणारी आज्ञा चिन्ह-विस्तार करी, म्हणजे वरचे ३२ बिट शून्याऐवजी चिन्हाच्या बिटाने भरी. २,१४,७४,८३,६४८ ही किंमत परत येताना उणे २,१४,७४,८३,६४८ होऊन येई, आणि वाचन मेमरीच्या २ जीबी अलीकडे, दुसऱ्या कोणाच्या तरी डेटात जाई. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२१-३२६२९ या नावाने ही चूक नोंदलेली आहे. परत आणणाऱ्याचीही बाजू होती: ३२ बिटांची किंमत आहे, वरच्या बिटांशी कोणाला काय देणेघेणे? दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर, मधला करार मात्र कुठेच लिहिलेला नाही. वेग मिळवण्यासाठी गाळलेली प्रत्येक फेरी असा एखादा न लिहिलेला करार मागे ठेवते. वॉझमटाइमने पुढे मेमरीच्या अलीकडेही संरक्षक पट्टा ठेवायला सुरुवात केली.

२०२३ मधली सीव्हीई-२०२३-२६४८९ याच घराण्यातली. एक्स८६ च्या पत्त्यात निर्देशांकाला २, ४ किंवा ८ ने गुणण्याची सोय फुकट मिळते. ३२-बिट किंमत तीन बिट डावीकडे सरकवून पत्ता म्हणून वापरली असेल तर ते सरकवणे पत्त्यातच सामावून घेणारा नियम होता. पण मूळ प्रोग्रॅममध्ये सरकवल्यावर ३२ बिटांबाहेरचे बिट गळून पडायचे असतात. पत्त्यातला गुणाकार ६४ बिटांत होतो, तिथे ते गळत नाहीत. पत्ता ३५ बिटांचा झाला आणि संरक्षक पट्टा ओलांडून पलीकडे गेला.

चाचणी कशी घ्यायची

अपेक्षित आज्ञांची यादी फाइलीत ठेवून ताडून पाहणाऱ्या चाचण्या हव्यातच, पण त्या लिहिणाऱ्याच्या मनात जे आले तेवढेच तपासतात. खरे काम दोन उत्तरे एकमेकांशी ताडण्यात आहे: यादृच्छिक प्रोग्रॅम तयार करायचा, तो साध्या इंटरप्रिटरवर आणि आपल्या कोडवर चालवायचा, उत्तर वेगळे आले की चूक. युटा विद्यापीठातल्या सीस्मिथने २०११ पर्यंत सी कंपायलरांतल्या ३२५ हून अधिक चुका निरनिराळ्या कंपायलरांची उत्तरे एकमेकांशी ताडून पकडल्या. दशांश संख्या असतील तर ‘नॅन’चे (‘संख्या नाही’ असे सांगणाऱ्या किमतीचे) सगळे बिटपॅटर्न ताडण्यापूर्वी एकसारखे करून घ्यावेत, नाहीतर खोट्या गजरांनी जीव नकोसा होतो.

पण २०२१ ची चूक अशा चाचणीत सापडायला बेरीज २ अब्जांच्या वर जायला हवी, तीच किंमत स्टॅकवर जायला हवी आणि परत आल्यावर थेट पत्ता म्हणून वापरायला हवी. निव्वळ यदृच्छेवर विसंबलात तर हा योग फार क्वचित जुळतो. म्हणून किमतींत ०, उणे १ आणि ३१ व्या बिटाच्या सीमेवरच्या संख्या जास्त पेरायच्या, आणि वाटपकर्त्याला १५ ऐवजी तीन-चारच रजिस्टरे द्यायची, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्पिल होते. हे दुसरे काम बहुधा एका सेटिंगवर भागते आणि त्यातून निघणाऱ्या चुका पाहता आमच्या मते ते पहिल्याच दिवशी करावे.

रजिस्टर वाटपासाठी वेगळा तपासनीस लिहिता येतो. क्रेनलिफ्टच्या रेगॲलॉक२ मध्ये तो आहे. वाटपानंतरचा कोड वाचत कोणत्या रजिस्टरात आणि स्टॅकच्या कोणत्या जागी कोणती किंमत आहे याची तो वही ठेवतो आणि प्रत्येक वापराला योग्य किंमत पोचली का ते बघतो. प्रोग्रॅम चालवावाही लागत नाही. मात्र ही वही किमतींच्या नावांची आहे, बिटांची नाही. स्टॅकवरून येताना वरचे ३२ बिट बदलले तर तिच्या दृष्टीने सगळे आलबेल.

बिटांपर्यंत जायचे तर नियमच सिद्ध करावे लागतात. क्रेनलिफ्टचे आज्ञा-निवडीचे नियम आयल नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेले आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले क्रोकस हे साधन त्यातला एकेक नियम घेऊन, डावी आणि उजवी बाजू प्रत्येक संभाव्य किमतीला समान आहे का, हे एसएमटी सॉल्व्हरला (तार्किक सूत्रे खरी की खोटी ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारते. ३५ बिटांच्या पत्त्याची चूक ते पकडून दाखवते. स्पिलवरून परत आणणारी आज्ञा मात्र या नियमांच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे तिची रुंदी आजही फझिंग (वर सांगितलेली यादृच्छिक प्रोग्रॅमांची चाचणी) आणि कोड वाचणाऱ्याच्या नजरेवर सोपवलेली राहते.