बर्लिनची बलून-मंडळी आणि वरच्या हवेचे तापमान

३१ ऑगस्ट १८८१ रोजी बर्लिनमध्ये डॉ. विल्हेल्म अँगरस्टाइन यांच्या पुढाकाराने एक संस्था स्थापन झाली. ‘हवाई प्रवासाला चालना देणारी जर्मन संस्था’ असे तिचे नाव होते; हेतू त्या नावातच होता. हवाई प्रवासासाठी मूळ जर्मन नावात ‘लुफ्टशिफफार्ट’ हा शब्द होता; तो शब्दशः घेतला तर ‘हवेतले नौकानयन’. हवेच्या समुद्रात नाव तर होती, पण तिला सुकाणू नव्हते. दहाच वर्षांपूर्वी जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा साठहून अधिक बलून पत्रे आणि माणसे घेऊन त्या वेढ्यावरून निघून गेले होते. पण ते गेले वारा नेईल तिकडे. बलून हवा त्या दिशेला कसा न्यायचा, हाच संस्थेचा पहिला ध्यास होता. १८८२ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले.

१८८६ मध्ये ओटो लिलिएंथाल सभासद झाले. भोवतालची बहुतेक मंडळी हवेपेक्षा हलक्या वायूच्या भरवशावर असताना हा अभियंता पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास मांडत होता. पुढे त्यांनी स्वतः बांधलेल्या ग्लायडरमधून शेकडो उड्डाणे केली आणि ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून त्यांचा जीव गेला.

माझ्या मते संस्थेचे खरे मोठेपण मात्र वेगळ्याच कामात आहे, आणि त्याचा मान रिशार्ड आसमान या हवामानशास्त्रज्ञाकडे जातो. त्यांचा प्रश्न ऐकायला अगदी साधा होता: वर गेल्यावर थर्मामीटर जे दाखवतो, ते हवेचे तापमान असते का? बलून वाऱ्याबरोबरच वाहतो, त्यामुळे टोपलीत वारा जवळजवळ लागत नाही. वरून ऊन मात्र कडक. अशा वेळी थर्मामीटर स्वतःच तापतो आणि चुकीचा आकडा दाखवतो. आसमान यांनी हान्स बार्ट्श फॉन सिग्सफेल्ड यांच्या साथीने यावर उपाय काढला. थर्मामीटरचा फुगा चकचकीत धातूच्या दुहेरी नळीत ठेवायचा, म्हणजे ऊन परतून जाईल. आणि वरच्या बाजूला घड्याळासारखा चावीचा छोटा पंखा बसवायचा, म्हणजे ताजी हवा सतत फुग्यावरून ओढली जाईल. चावी द्यायची, पंखा फिरू द्यायचा, मग आकडा वाचायचा. हातात मावणाऱ्या या उपकरणाने आधीच्या कितीतरी नोंदी संशयात आणल्या. इंग्लंडच्या जेम्स ग्लेशर यांनी १८६० च्या दशकात उंचावर घेतलेली तापमाने प्रत्यक्षापेक्षा जास्त होती, हे यातूनच लक्षात आले.

१८८८ ते १८९९ या काळात या कामासाठी ६५ बलून-उड्डाणे झाली. खर्च मोठा होता. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म याने पैसा दिला, तेव्हा कुठे ‘हुंबोल्ट’ आणि ‘फिनिक्स’ हे मोठे बलून उभे राहिले. त्यांपैकी ‘हुंबोल्ट’ १८९३ मध्ये, पहिल्या उड्डाणानंतर काही आठवड्यांतच, जमिनीवर उतरल्यावर हायड्रोजनचा स्फोट होऊन नष्ट झाला. काम थांबले नाही. ४ डिसेंबर १८९४ रोजी हवामानशास्त्रज्ञ आर्थर बेर्सोन ‘फिनिक्स’मधून श्टासफुर्टहून एकटेच निघाले आणि ऑक्सिजन ओढत ९,१५५ मीटरवर पोहोचले. तिथे तापमान होते उणे ४७.९ अंश सेल्सियस.

पुढचे उड्डाण वाचताना आजही छाती दडपते. ३१ जुलै १९०१. बेर्सोन आणि राइनहार्ड झ्यूरिंग ‘प्रॉइसेन’ या ८,४०० घनमीटरच्या बलूनमधून बर्लिनच्या टेम्पलहोफ मैदानावरून वर गेले. वर बंद केबिन नव्हती, उघडी टोपली होती. अंगावर फरचे कोट आणि तोंडाशी ऑक्सिजनची नळी. दहा हजार मीटरच्या वर दोघांची शुद्ध हरपू लागली. बेर्सोन यांनी त्याही स्थितीत वायू सोडणाऱ्या झडपेची दोरी ओढली आणि मग तेही कोसळले. बलून खाली येऊ लागला आणि बऱ्याच वेळाने दोघे शुद्धीवर आले. गाठलेली उंची १०,८०० मीटर मानली जाते.

याच सुमारास आसमान रबराचे बंद बलून स्वयंनोंदी उपकरणे बांधून सोडत होते. ठराविक उंचीनंतर तापमान उतरायचे थांबते, असे त्या नोंदी सांगत होत्या. उपकरण चुकतेय, अशी शंका येणे साहजिकच होते. बेर्सोन-झ्यूरिंग यांनी प्रत्यक्ष वाचलेले आकडे ताडून पाहता आले, म्हणून त्या नोंदींवर विश्वास बसला. १९०२ च्या वसंतात फ्रान्सचे हवामानशास्त्रज्ञ तेसरां द बोर आणि आसमान यांनी काही दिवसांच्या अंतराने आपापले निष्कर्ष मांडले. आपण ज्याला स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर) म्हणतो, त्या थराचा शोध तो हाच.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अँटवर्पजवळ वादळी वाऱ्यात बलून उतरवताना सिग्सफेल्ड यांचा मृत्यू झाला होता. डिसेंबरमध्ये आउग्सबुर्गला जर्मनीतल्या बलून-संस्थांचा महासंघ झाला. बर्लिनच्या संस्थेने ‘जर्मन’ हा शब्द सोडून ‘बर्लिन’ हे नाव घेतले. हवामानाचे काम आधीच सरकारी वेधशाळेकडे गेले होते. १९०५ मध्ये ती बर्लिनच्या आग्नेयेला लिंडेनबर्ग गावी हलली आणि आसमान तिचे संचालक झाले. तिथून आजही रोज हवामानाचे बलून सोडले जातात, आणि तेही आसमान यांच्या बलूनसारखेच वर जाऊन फुटतात.